पंगतीतून उठवलेला माणूस

१

करजगी शेठच्या घरामागच्या बोळात महिपती सापडला तो नागव्वाला. ऊन डोक्यावर आलं होतं. पुढच्या दाराशी कामगारांच्या घोषणा चालल्या होत्या आणि आत मांडवात मोडलेली पंगत पुन्हा मांडली गेली होती. म्हातारा कुठं दिसेना म्हणून ती घराला वळसा घालून मागे आली. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला दगडी पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांखाली जनावरांना पाणी पाजायची जुनी डोण. त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात माणसांनाच पाणी नव्हतं, त्यामुळे डोण कधीची कोरडी होती. तिच्या कडेशी डोकं टेकून महिपती उताणा पडला होता. नागव्वाने हाक मारली, खांदा हलवून पाहिला, आणि हाताला रक्ताची ओल लागली तशी ती मागे सरली.

ती ओरडली नाही. चालत पुढच्या दाराशी गेली आणि युनियनच्या नंदूच्या कानाशी लागून चार शब्द बोलली. घोषणा थांबल्या. घोषणा थांबल्या म्हणूनच मांडवातली माणसं दचकली आणि हातातले घास हातात ठेवून एकमेकांकडे बघू लागली.

झालं होतं ते असं. सोमलिंग करजगीचा भवानी पेठेतला चादरींचा कारखाना दिवाळीपासून बंद होता. सूत महागलं, माल उठत नाही, असं तो सांगे. पगार वाढवून मागितला म्हणून कुलूप लावलं, असं कामगार सांगत. एवढ्यात शेठच्या मुलीचा, यशोदेचा साखरपुडा ठरला आणि शुक्रवार पेठेतल्या घरापुढे मांडव पडला. पाहुण्यांची पहिली पंगत बसते न बसते तोच कामगार बायका-माणसांसह शांतपणे आत आले आणि पंगतीतल्या रिकाम्या जागांवर मांडी घालून बसले. जेवायला नाही, बसायला आलोय, असं त्यांनी सांगितलं. शेठने हात जोडले. कोणी उठलं नाही. तेव्हा शेठचा भाचा बाळू आणि त्याचे तालमीतले मित्र पुढे झाले आणि एकेकाला हातापायाला धरून उचलून त्यांनी रस्त्यावर नेऊन ठेवलं. त्यातलाच एक महिपती. कारखान्यातला सगळ्यांत जुना विणकर.

फौजदार शिवयोगी हिरेमठ बोळात पोचले तेव्हा दोन्हीकडची माणसं तिथे जमली होती आणि मधे प्रेत होतं. गर्दीतून बाळू पुढे आला. त्याने हात पुढे केले, जसे काही बेड्याच मागत होता.

“मी ढकललं साहेब. माझ्या हातनं झालं.”

शिवयोगींनी मान हलवली, पण बाळूकडे पाहिलं नाही. ते प्रेताच्या पायांकडे पाहत होते. महिपतीच्या पायांत वाहणा होत्या आणि त्यांचे मागचे पट्टे घोट्याशी नीट बांधलेले होते.

२

बाळू शेठच्या बहिणीचा मुलगा. आई तो रांगत असतानाच गेली. मामीने, म्हणजे शेठच्या बायकोने, सरोजिनीबाईंनी त्याला वाढवला. अंगाने आडदांड, बोलायला कमी. चौकीत त्याने जबानी दिली ती एका दमात. पुढच्या दारात गर्दी होती, म्हणून म्हाताऱ्याला मागच्या बाजूने नेला. तो अंग टाकायला लागला, तेव्हा दंडाला धरून ओढत स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी आणला आणि बाहेर ढकलला. पायरीवरून त्याचा पाय घसरला. मारायचं मनात नव्हतं. शेजारी शेठचे वकील बसले होते आणि प्रत्येक वाक्याला संथपणे मान डोलवत होते.

सोमलिंग शेठही होता. एका दिवसात माणूस वाळल्यासारखा दिसत होता, पण बोलण्यात नमत नव्हता. कारखान्याच्या दारात हे लोक महिनोन् महिने बसले, आपल्या नावाने बोंब मारली, तरी आपण एकदाही पोलीस बोलावले नाहीत, असं त्याने सांगितलं. मग तो जरा पुढे झुकला.

“पण हे माझं घर आहे साहेब. मुलीचं कार्य. व्याही पानावर बसलेले. अशा वेळी माझ्या पंगतीत येऊन कुणी बसलं आणि हात जोडूनही उठलं नाही, तर मी काय करायचं? पोरीचं लग्न मोडू द्यायचं?”

असले प्रश्न शिवयोगींना नवे नव्हते आणि त्यांची उत्तरं देताना आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

“बोलावल्याशिवाय घरात आलेला माणूस सांगूनही उठत नसेल, तर त्याला उचलून बाहेर ठेवायचा हक्क घरधन्याला आहे,” ते म्हणाले. “मात्र लागेल तेवढाच जोर. आणि तो उंबऱ्याबाहेर गेला की हक्क संपला. त्यानंतर लावलेलं बोटसुद्धा मारहाण.”

वकिलांनी समाधानाने मान डोलवली. त्यांना हवं होतं तेच फौजदार बोलले होते. बाळूचा धक्का उंबऱ्याच्या आतला, म्हणजे घराच्या हक्कातला. पुढे म्हाताऱ्याचा पाय घसरला ते त्याचं नशीब.

“तर मग प्रश्न एवढाच उरतो,” शिवयोगी पुढे म्हणाले, “की महिपती पडला तेव्हा त्याला बाहेर काढत होते, की काढून झालं होतं.”

वकिलांची मान थांबली. शिवयोगींनी बाळूला विचारलं, पंगतीतून उचललास तेव्हा त्याच्या पायांत काय होतं? बाळूला प्रश्नाचा रोख कळेना. त्याने मामाकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं.

“वाहणा होत्या की. दुसरं काय असणार?”

३

भवानी पेठेत घराघरांतून चालणारे मागही त्या दिवशी बंद होते. महिपतीच्या खोलीपुढे माणसं बसून होती. त्याची बायको दगडाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने शिवयोगींना एकच विचारलं.

“कुणी मारलं त्येस्नी?”

बाळू कबूल झालाय, असं ते म्हणाले. म्हातारीने त्यांच्याकडे बघून घेतलं आणि म्हणाली, “मी त्यो कबूल झालाय का इचारलं न्हाय.” मग पदर ओढून ती परत भिंतीकडे वळली.

नागव्वा मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम करी. तिच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे होते. उचलताना बांगड्या फुटल्या, नवरा जिता असताना फुटल्या, याचं दुःख ती पुन्हा पुन्हा सांगत होती. उचललं त्याचं तिला काही वाटत नव्हतं. शिवयोगींनी तिला वाहणांचं विचारलं.

“दारातच काढल्या की समद्यांनी. जेवनार न्हवतो खरं, तरी पंगत हाय ती. पानावर वाढल्यालं असतंय. वाहणा घालून कसं बसायचं?”

आणि परत कधी घातल्या? रस्त्यावर टाकल्यावर, ती म्हणाली. आतल्या पोरांनी मागून सगळ्यांच्या वाहणा भिरकावल्या. ढिगातून ज्याने त्याने आपापल्या हुडकल्या. महिपतीला तिने त्या घोळात पाहिलं नव्हतं. ती तेव्हा काचा वेचत होती.

शिवयोगींना हवं ते मिळालं. महिपती पंगतीत अनवाणी होता. मरताना त्याच्या पायांत वाहणा होत्या, तेही पट्टे बांधून. घाईत ओढून नेलेला माणूस पट्टे बांधत नाही. म्हणजे त्यालाही इतरांसारखं पुढच्या दाराने रस्त्यावर काढलं होतं. त्याने ढिगातून आपला जोड काढला, बसून पट्टे बांधले आणि मग तो आपल्या पायांनी घराला वळसा घालून मागे गेला. बाळूने त्याला स्वयंपाकघरातून ओढून नेलंच नव्हतं. मग बाळू खोटं का बोलत होता? आणि उंबऱ्याच्या आतलंच खोटं का?

नंदू पोरसवदा, पण बोलण्यात पक्का होता. त्याने काहीही नाकारलं नाही. पंगतीत बसायची कल्पना त्याचीच. कारखान्याला कुलूप, कचेरीत कोणी नाही, घरी गेलं की शेठ पूजेत. मग जिथे तो नक्की भेटेल तिथे जाणं भाग होतं, असं त्याचं म्हणणं. महिपतीचा याला विरोध होता. सोयरिकीच्या मांडवात असलं करू नये, यावरून सकाळी दोघांचं वाजलं आणि नंदूने चारचौघांत त्याला मालकाचा माणूस म्हटलं.

“तरी तो आला?”

“सगळे चाललेत तर मी मागं राहत नाही, म्हणाले.”

“उद्या अंत्ययात्रेला सगळी पेठ लोटेल,” शिवयोगी म्हणाले. “जिवंत महिपतीपेक्षा मेलेला तुमच्या जास्त कामाला आला.”

नंदूचा चेहरा उतरला, पण त्याने नजर वळवली नाही. “आला. ते मलाही कळतं साहेब. पण माझ्या हातनं नाही आला.” थोडं थांबून त्याने सांगितलं की बोळाकडे वळलेला माणूस त्याने एकच पाहिला होता. हातात काठी घेतलेले माळशिरसचे आबासाहेब.

४

आबासाहेबांकडे जाण्याआधी शिवयोगी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सांगितलं की जखम एकच, डोक्याच्या मागे, डोणीच्या दगडाची. दंडावर ओढल्याचे वळ नाहीत, काठीचा मार नाही. मग त्यांनी महिपतीचे कपडे पुढे ठेवले. सदऱ्यावर, छातीच्या जरा खाली, कसलासा चिकट डाग वाळला होता. शिवयोगींनी वास घेतला. गूळ, वेलदोडा, तूप. डागात गव्हाचे शिजलेले दाणे चिकटले होते. हुग्गी. लिंगायतांच्या घरी कार्याला गव्हाची ही खीर नसली तर कार्य झाल्यासारखं वाटत नाही.

त्याहून विचित्र होता तो डागाचा आकार. वरून सांडल्यासारखे ओघळ नव्हते. एक तुपकट कोर उमटली होती, अर्ध्या चंद्रासारखी. ताटाचा काठ छातीला टेकवून दाबला तर उमटेल तशी.

आबासाहेब एका नातेवाइकाकडे उतरले होते आणि गावी परतायच्या तयारीत होते. उसाचे मोठे बागायतदार, शेठचे जुने स्नेही. मांडवात शेठ हात जोडत असताना “असं हात जोडून जनावर फडातनं भाईर निघत न्हाय” असं तेच मोठ्यांदा बोलले होते. शिवयोगींनी आधी जेवणाची चौकशी केली. जेवण बरं होतं, आबासाहेब म्हणाले. पण पानावर मीठ, चटणी, कोशिंबीर एवढंच आलं होतं, तोवर ही मंडळी आत शिरली. हुग्गी आली ती सगळ्यांना बाहेर काढल्यावर.

“म्हणजे कामगार आत होते तेव्हा हुग्गी स्वयंपाकघरातच होती?”

“व्हय की. शेठच्या घरी आधी स्वामींचं ताट वाढत्यात, मग हुग्गी भाईर येती.”

शिवयोगींनी सरळ विचारलं, मग तुम्ही बोळात कशाला गेला होता? आबासाहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तंबाखू थुंकायला गेलो होतो, असं म्हणाले. आणि तिथे त्यांनी महिपतीला जिवंत पाहिलं होतं. बाहेर काढल्यानंतर.

“मागल्या पायरीवर बसला हुता. मी म्हनलं, जा की आता. तर म्हनला, मी मालकाच्या घरात न्हाय, बोळात हाय. आन् दाराकडं बघत ऱ्हायला. कुनाची तरी वाट बघत असल्यावानी.” त्यांनी वर पाहिलं. “शेवटचा मीच बघितला म्हनून बोललो न्हाय साहेब. काठी माझ्या हातात, त्वांडानं मी असला. कुनी इस्वास ठेवला असता?”

शिवयोगींनी विश्वास ठेवला. काठी धरलेला माणूस ताटाने ढकलत नाही.

५

आता सगळं त्या ताटावर येऊन थांबलं होतं. मांडवात प्रत्येकजण पत्रावळीवर जेवला होता. पत्रावळीचा काठ छातीला टेकवला तर ती दुमडते. अशी कोर उमटत नाही. आचाऱ्याने किंवा वाढप्याने कळवळून म्हाताऱ्याला काही आणून दिलं असतं, तर पत्रावळीवरच दिलं असतं. धातूचं ताट आलं ते घराच्या आतून.

शिवयोगी मठात गेले. करजगींच्या घरी कार्याला बोलावलेले स्वामी म्हातारे होते आणि शिवयोगींच्या वडिलांना ओळखत होते. हिरेमठांचं घराणं जंगमांचं; कुणाच्या घरी स्वामींना कसं वाढतात हे शिवयोगींनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्यांनी विचारलं, करजगींच्या घरी तुमचं ताट कसलं असतं?

काशाचं, स्वामी म्हणाले. शेठच्या आजोबांच्या वेळचं, जाड, उभ्या काठाचं. त्यात दुसरं कोणी जेवत नाही, आणि घरची सून सोडून त्याला कोणी हात लावत नाही. पहिली हुग्गी त्यात पडते आणि सरोजिनीबाई ते स्वतः घेऊन येतात.

“परवाही आल्या?”

स्वामी हसले. “परवा पत्रावळीवर वाढलं. उशीरही बराच झाला. ताट सापडत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे तायी, पोटाला ताट कळत नाही.” मग ते गंभीर झाले. “हुग्गी पत्रावळीबाहेर सांडत होती तिच्या हातून. मला वाटलं, दारात माणसं उपाशी ओरडतायत म्हणून असेल.”

शुक्रवार पेठेतल्या घराच्या परसात एक आड होता. दुसऱ्या एखाद्या वर्षी त्यात टाकलेली वस्तू पाण्याखाली गेली असती आणि पुन्हा कोणाला दिसली नसती. या वर्षी आड तळापर्यंत आटला होता आणि कार्याच्या उष्ट्या पत्रावळ्या त्यातच टाकल्या होत्या. शिवयोगींनी हवालदाराला दोर लावून खाली उतरवलं. वर आला तेव्हा त्याच्या काखेत पत्रावळ्यांच्या चोथ्याने बरबटलेलं काशाचं ताट होतं. त्याचा काठ एका जागी चेपला होता.

वकिलांनी जामिनावर सोडवून आणलेला बाळू वरच्या खिडकीतून हे पाहत होता. शिवयोगींनी मान वर केली तसा तो आत सरला.

६

दिवाणखान्यात शेठ, बाळू आणि वकील बसले होते. शिवयोगींनी ताट मधल्या मेजावर ठेवलं आणि काय काय कळलं ते क्रमाने सांगितलं. महिपतीला बाकीच्यांसारखंच पुढून बाहेर काढलं, त्याने वाहणा घातल्या, तो मागे येऊन बसला. पंगत पुन्हा सुरू होण्याच्या सुमाराला मागच्या दारातून कोणीतरी हुग्गी वाढलेलं हे ताट घेऊन त्याच्यापुढे आलं. ज्याने धक्का दिला त्याचे दोन्ही हात ताटाला होते.

“मीच नेलं ताट,” बाळू म्हणाला.

“तू तेव्हा पुढच्या दारात होतास. तुझ्या मित्रांनीच सांगितलंय. तुझ्या लक्षात आलं ते नंतर. तू मागे गेलास, पाहिलंस आणि ताट आडात टाकलंस. मग वकीलसाहेबांनी तुला समजावलं असेल, की घराच्या आत दिलेला धक्का माफ होऊ शकतो, बाहेरचा होत नाही. म्हणून तू महिपतीला, तो मेल्यानंतर, घरात आणलंस, जबानीत.”

शेठला आता उमगू लागलं होतं. तो ताटाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उडत होता, कारण त्या घरात ते ताट कोण हलवतं हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

“बाळू, ऊठ तिथून,” आतल्या दारातून आवाज आला. “मला बसू दे.”

सरोजिनीबाई येऊन बाळूच्या जागी बसल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, शांत चेहऱ्याच्या. नवऱ्याकडे न बघता त्या शिवयोगींशी बोलू लागल्या. महिपतीने शेठला माग शिकवला होता, शेठच्या वडिलांनी कारखाना काढला तेव्हा. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून कामगारांचं काही गाऱ्हाणं असलं की महिपती मागच्या दाराशी येई, त्या शेठच्या कानावर घालीत. त्या दिवशी ज्या माणसाला घरच्यांनी उचलून रस्त्यावर टाकलं, तो पुन्हा त्याच पायरीवर येऊन बसलेला त्यांना खिडकीतून दिसला. त्यांनी हुग्गीचं पहिलं ताट उचललं आणि त्याच्याकडे नेलं.

“स्वामींचं ताट?” शेठने विचारलं.

“त्याहून मोठं माझ्याजवळ काही नव्हतं.” त्या क्षणभर थांबल्या. “त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, अक्का, ताट नको. कारखान्याचं दार उघडायला सांगा. मी म्हटलं, आधी जेवा. ते म्हणाले, रस्त्यावर बायका-पोरं उपाशी बसलीत, एकट्याला कसं गिळंल? मी पुन्हा म्हटलं. ताट पुढं केलं, त्यांनी हाताने मागं सारलं. असं होत राहिलं.”

वकिलांना धागा सापडला. हा तर आग्रह, ते घाईने म्हणाले. जेवायचा आग्रह करताना म्हाताऱ्याचा तोल गेला. याला कोणतं कोर्ट गुन्हा म्हणेल? बाईंनी एवढंच सांगावं, पुढचं आपण पाहतो.

शिवयोगींनी बाईंकडे पाहिलं. धक्का आग्रहाचा की रागाचा, ते सदऱ्यावरची कोर सांगत नव्हती. जोर किती, ते बाईच जाणत होत्या.

“पहिले सगळे आग्रहच होते,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “शेवटचा नव्हता. कारखान्याचं दार उघडणं माझ्या हातात नाही, कधीच नव्हतं. हातात होतं ते मी घेऊन आले होते आणि त्याकडे ते बघतसुद्धा नव्हते. मला राग आला. मी ताट त्यांच्या छातीवर मारलं. ते मागे डोणीवर पडले आणि मी ताट तिथेच टाकून आत पळाले.”

बाळू जमिनीकडे बघत होता. वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“माझी पोरं मांडवात माणसं उचलत होती आणि मी देवापुढे बसून म्हणत होते, कुणाला लागू नये,” त्या म्हणाल्या. “आणि ज्याला लागलं, ते माझ्याच हाताने.”

७

बातमी बाहेर कशी गेली कोण जाणे, पण अर्धवटच गेली. फौजदार परत करजगींच्या घरी आलेत आणि ताट सापडलंय, एवढंच कामगारांना कळलं होतं. शेठ वशिला लावून भाच्याला गुन्ह्यातून सोडवतोय असं त्यांनी धरलं. शिवयोगी सरोजिनीबाईंना घेऊन बाहेर आले तेव्हा जीपच्या पुढे रस्ता भरून माणसं बसली होती. घोषणा नव्हत्या. पुढच्या ओळीत दगडाबाई होती, शेजारी नंदू, नागव्वा.

रस्ता सरकारी होता. माणसं पोलिसांच्या गाडीपुढे बसली होती. कायदा कोणाच्या बाजूने आहे याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती, आणि हवालदारांनी लाठ्या हातात घेतल्या होत्या.

“उचलू का साहेब?” हवालदाराने विचारलं.

बसलेल्या माणसाला उचलावं की नाही, यावर या दोन-तीन दिवसांत शिवयोगींनी पुष्कळ लोकांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं होतं. शेठचं पटण्यासारखं होतं, नंदूचंही होतं. ज्याने एकामागून एक माणसं उचलून फेकली त्या बाळूवर आता खोट्या जबानीपलीकडे फारसं काही लागत नव्हतं, आणि जिने एकदाच, जेवणाचं ताट धरून हात पुढे केला तिला ते घेऊन चालले होते. कायद्याचा हिशेब बरोबर होता. त्यात चूक काढता येत नव्हती. फक्त आता उत्तर त्यांनी स्वतः द्यायचं होतं आणि हवालदार वाट पाहत होता.

“लाठ्या खाली ठेवा,” ते म्हणाले. “वाट बघू.”

सरोजिनीबाई जीपमध्ये चढल्या नाहीत. वाट बघायची ती कशाची, हे त्यांच्याच लक्षात आलं असावं. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या माणसांच्या दिशेने चालू लागल्या. शेठ दारातून काहीतरी ओरडला. त्या वळल्या नाहीत. दगडाबाईसमोर जाऊन त्या खाली, रस्त्यावर बसल्या. कपाळ कपाळाला लागेल इतक्या जवळ.

“बाळूनं नाही केलं,” त्या म्हणाल्या. “मी केलं. मी जेवा म्हणत होते, ते जेवले नाहीत. मी ताटाने ढकललं.”

मागच्या ओळीत काय बोलणं चाललंय ते ऐकू जाईना, म्हणून माणसं उभी राहू लागली. नंदू पुढे सरसावला, पण नागव्वाने त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं. दगडाबाई त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. शिवयोगींना वाटलं, ही आता मारील, आणि मारलं तर आपण मधे पडायचं नाही.

“कशाला न्हाय म्हनले त्ये?” दगडाबाईने विचारलं.

“तुम्ही सगळे उपाशी होता म्हणून.”

म्हातारीने मान हलवली. नवऱ्याचा स्वभाव तिला माहीत होता. सरोजिनीबाई उठल्या आणि पुढे कुठे जायचं ते न कळून उभ्या राहिल्या, कारण चौकीकडे जाणारा रस्ता माणसांनी भरलेला होता.

मग दगडाबाईने आपले पसरलेले पाय आखडून घेतले. तिला पाहून शेजारच्या बाईने घेतले, मग तिच्या मागच्या माणसाने. ओळींमधून एक माणूस चालेल एवढी पायवाट पडत गेली. सरोजिनीबाई त्या वाटेने निघाल्या, आणि शिवयोगी जीप तिथेच सोडून त्यांच्या मागून चालू लागले.